वेव्हच्या दिवशी सगळे वर गेले आणि मी २० मिनिटांत खाली, नेमकं चुकलं कुठे?

नवा_पंख
नमस्कार मंडळी. काल आमच्या ग्लायडिंग क्लबवर मस्त वेव्ह (डोंगर ओलांडून आलेल्या वाऱ्याची लाट, जिच्यावर ग्लायडर वर चढतं) मिळाली, म्हणजे बाकीच्यांना मिळाली. माझे जेमतेम ४० तास झालेत, सगळे थर्मलमधले, म्हणजे तापून वर उठणाऱ्या हवेतले. टोवर, म्हणजे इंजिनवालं टग विमान दोरीने वर ओढत असताना, १५०० फुटांपासून जे हादरे सुरू झाले ते विचारू नका, टग एकदा पार डोक्यावर आणि पुढच्या क्षणी नाकाखाली, दोरी सैल पडली की पोटात गोळा. २८०० फुटांवर व्हेरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा) एकदम वर ८ नॉट, म्हटलं हीच ती, आणि दोरी रिलीज केली. लगेच थर्मलसारखं गोल फिरायला लागलो तर पहिली अर्धी फेरी वर आणि मग ६ नॉट सिंक, म्हणजे खाली! वर तो बशीसारखा ढग ठाण मांडून बसलेला, म्हणून सरळ त्याच्या खाली गेलो, तिथेही सिंकच. क्लबचं जुनं टू सीटर मात्र संध्याकाळी १४००० फुटांवरून उतरलं आणि त्या दोघांचे चेहरे बघून माझा नुसता जळफळाट. डोंगरमाथ्यावर वारा ४० नॉट होता. ढगाखाली लिफ्ट, म्हणजे वर जाणारी हवा, असते ना? मग झालं काय?

डोंगरामागचा
ढगाखाली लिफ्ट हे थर्मलचं गणित, ते इथे घेऊन येऊ नका. ओढ्यात पाण्याखाली मोठा दगड असला की त्याच्या पलीकडे पाण्याचा उंचवटा होतो बघा, पाणी धावत असतं पण उंचवटा जागचा हलत नाही. तुमचा बशीढग तोच उंचवटा. तो बसलेला नसतोच, हवा चढताना वाऱ्याकडच्या कडेला ढग बनत राहतो आणि उतरताना मागच्या कडेला विरत राहतो. म्हणजे चढणारी हवा त्या पुढच्या कडेच्याही पुढे, आणि मागच्या बाजूला गेलात की उतरणारी. तुम्ही बहुतेक तिथेच गेलात.

पण खरी गडबड त्याआधीची आहे, गोल फिरलात ती. हिशोब करा, ४० नॉट वाऱ्यात एका फेरीला २५ सेकंद लागले तर तेवढ्यात वारा तुम्हाला अर्धा किलोमीटर मागे नेतो. ते ८ नॉट रोटरच्या, म्हणजे वेव्हखाली गोल फिरणाऱ्या हवेच्या भोवऱ्याच्या, वाऱ्याकडच्या बाजूचे होते, ती बाजू वर जाते आणि मागची खाली. एका फेरीत तुम्ही पहिलीतून दुसरीत. तिथे नाक वाऱ्यात घालून सरळ पुढे रेटायचं होतं, हाडं खिळखिळी झाली तरी. मग एकदम सगळं गप्प होतं, इतकं गुळगुळीत की आपण हँगरमध्ये बसलोय असं वाटावं, आणि व्हेरिओ एकाच आकड्यावर चिकटलेला. आलात वेव्हमध्ये. त्यानंतर फेऱ्या बंद, तोंड वाऱ्याकडे, वेग वाऱ्याएवढाच ठेवायचा, जमिनीवरची एखादी खूण पकडून तिच्यावर टांगून राहायचं आणि डोंगराला समांतर हळूहळू डावीउजवीकडे सरकत बघायचं कुठे जास्त मिळतंय.

थंडपाय
वरचं सगळं बरोबर, पण भाऊ वर पोचल्यावरचं पण ऐकून ठेव, कारण ते कुणी सांगत नाही आणि मी शिकलो तेव्हा बूट पण धड नव्हते. दर १००० फुटांना साधारण २ अंश पकड, म्हणजे १४००० ला जमिनीपेक्षा २५ च्या वर थंड, आणि पाय ग्लायडरच्या नाकाच्या टोकात, सावलीत, हलवायला जागा नाही. कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या काचेवर, आतून बर्फ धरतो. १०००० च्या वर ऑक्सिजन पाहिजेच, त्रास व्हायला लागला की लावू असं म्हणू नकोस, त्रास होतच नाही, उलट फार भारी वाटतं आणि तीच गोची आहे.

अजून एक. उंचीवर स्पीडचा काटा कमी दाखवतो. २०००० फुटांवर काटा ७० वर असेल तर खरा वेग ९५ च्या आसपास, आणि फ्लटर (पंख-शेपटीची विमान मोडू शकणारी थरथर) खऱ्या वेगावर येतो, त्यामुळे कमाल वेगाची लाल रेघ वर गेल्यावर खाली सरकते. कॉकपिटमधला तक्ता वाचून जा. आणि खालची ढगांमधली फट सारखी बघत रहा, ती मिटली तर वर कितीही स्वर्ग असला तरी उतरणार कुठून?

जुनाट_लॉगबुक
@डोंगरामागचा एक दुरुस्ती, ढगावर फार विसंबू नका. हवा कोरडी असली तर बशी दिसतच नाही आणि वेव्ह जोरात असते, आमचे चांगले दिवस बरेचदा स्वच्छ निळ्या आभाळाचे. तेव्हा असलेच तर रोटरचे फाटके चिंधीसारखे ढग आणि व्हेरिओ, एवढंच भांडवल.

बाकी नवा_पंख, वाईट वाटून घेऊ नका. १९३३ साली जर्मन ग्लायडर पायलट वोल्फ हिर्थ रीझेनगेबिर्ग डोंगरांच्या (आजच्या पोलंड-चेक सीमेवरच्या) मागे असाच वेव्हमध्ये शिरला, त्याआधी या ढगाचा असा उपयोग होईल हे ग्लायडरवाल्यांच्या डोक्यात नव्हतं. गावकऱ्यांना मात्र तो ढग ओळखीचा, एका शेतकऱ्याच्या नावावरून त्याला मोआत्सागोटल म्हणायचे. तिथून २०१८ ला पर्लान २ हे ग्लायडर अँडीजच्या वेव्हमध्ये ७६००० फुटांवर गेलं, बिनइंजिनाचं! त्यात प्रेशर केबिन होती हे खरं. तुमच्या टू सीटरमध्ये नसेल, थंडपाय म्हणतो तसे मोजे घाला.

नवा_पंख
उड्डाणाची वाट नोंदवणारा लॉगर उघडून बघितला आत्ता. चार फेऱ्या मारल्यात आणि नकाशावर अक्षरशः ताणलेल्या स्प्रिंगसारखी रेघ, रिलीजच्या जागेपासून पावणेदोन किलोमीटर मागे. मी सोडलं तिथून सरळ पुढे गेलो असतो तर टू सीटर जिथून चढलं ती जागा जेमतेम एक किलोमीटरवर होती, त्यांचा ट्रेस शेजारी लावून बघितला. डोक्याला हात लावला.

एक शंका राहिली, टोवर दोरी सैल पडली की मी घाबरून एअरब्रेक थोडे उघडत होतो, ते चालतं का?

डोंगरामागचा
टोवर एअरब्रेक नको, बंद करायचे विसरलात तर टगवाला तुम्हाला ओढून ओढून थकेल. हलका यॉ द्या, म्हणजे नाक किंचित बाजूला वळवा, आणि दोरी ताणली जायच्या आत आपला वेग टगच्या वेगाला जुळवा. सैलपणा फारच झाला, मोठा फास दिसायला लागला तर सोडून द्या. आणि हे इथे वाचून करू नका, पुढच्या वेळी मागच्या सीटवर इन्स्ट्रक्टर घ्या.

थंडपाय
आणि दोन जोड मोजे.