एसआयपी १,०००च्या खाली नको म्हणे! मला हे अजिबात पटलेलं नाही

मुलुंडकरीण
काल पार्ल्याचा_सीए यांनी इथे लिहिलं की म्युच्युअल फंडात एकरकमी किमान रक्कम सगळीकडे पुन्हा ५,००० करावी, एसआयपी, म्हणजे दरमहा फंडात जाणारा ठरलेला हप्ता, १,०००च्या खाली ठेवूच नये, आणि ज्याला तेवढं झेपत नाही त्याने पोस्टात आरडी उघडावी. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

मी म्युच्युअल फंडांची वितरक आहे. माझे बरेच ग्राहक भांडुप-कांजूरच्या चाळींतले. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, सोसायट्यांचे वॉचमन, शाळेच्या बसवरच्या ताई. यांच्याकडे पैसे नसतात हा गैरसमज आहे. भिशीत महिन्याला दोन-दोन हजार भरतात. पण जिथे टाकलेले पैसे पुढच्या महिन्यात कमी दिसू शकतात, तिथे पहिल्या फटक्यात पाच हजार टाकायचा धीर होत नाही. पाचशे टाकतात, बाजार खाली येतो, घाबरून फोन करतात, थांबतात, मग सावरलेलं बघतात. त्यानंतर स्वतःहून रक्कम वाढवतात. किमान रक्कम कमी हवी ती या शिकण्यासाठी. महिना अडीचशेच्या एसआयपीने कोणी श्रीमंत होत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

शिवाय कागदी फॉर्म, चेक आणि पोस्टाने जाणारी स्टेटमेंटं होती तेव्हा छोटा फोलिओ (गुंतवणूकदाराचं खातं) फंड कंपन्यांना जड जायचा. आता आधारवर केवायसी आणि यूपीआयवर ऑटोपे आहे. खर्च उतरला तर उंबरठाही उतरायला हवा. ईएलएसएस, म्हणजे कर वाचवणारे फंड, कित्येक वर्षं ५००तच चालू आहेत, त्याबद्दल कोणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

पार्ल्याचा_सीए
ताई, भावना बाजूला ठेवून हिशोब करू. महिना २५०, वीस वर्षं, १० टक्के परतावा धरा. हातात साधारण १ लाख ९० हजार येतात. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या किमतीत ते ५९ हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी माणसाला इक्विटीची जोखीम घ्यायला लावायची?

दुसरं, बाजाराची नियामक सेबी स्वतः किमान रकमेचा वापर संरक्षण म्हणून करते. मोठ्या गुंतवणूकदारांच्या योजना बघा: पीएमएसला ५० लाख, एआयएफला १ कोटी, नव्या एसआयएफला १० लाख. मग म्युच्युअल फंडातच उंबरठा काढून का टाकायचा? शंभर रुपयांत कोणीही स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचा) किंवा थीमॅटिक (एकाच विषयातल्या कंपन्यांचा) फंड घेऊ शकतो, त्याला ना आरोग्य विमा, ना हाताशी तीन महिन्यांचा खर्च. माझं म्हणणं गरिबांच्या विरोधात नाही, त्यांच्याच बाजूचं आहे.

गिरणगाव
सीएसाहेब, गरिबांच्या बाजूने बोलणारे फार पाहिले. १९६४ साली यूटीआयची युनिट-६४ योजना सामान्य माणसासाठीच आली होती, दहा रुपयांचं युनिट. जुलै २००१ मध्ये सहा महिने व्यवहार बंद केले तेव्हा बड्या कंपन्या आधीच पैसे काढून मोकळ्या झालेल्या, अडकले ते छोटे. तेव्हा किमान रक्कम कमी असावी की जास्त यापेक्षा पैसे परत कधी आणि कसे मिळणार, हे बोला.

आणि आमच्या गल्लीत पिग्मीवाला रोज दारात यायचा, वीस-वीस रुपये न्यायचा. पतपेढी बुडाली, आईची बारा वर्षांची बचत गेली. किमान रक्कम तिथेही नव्हती!

मुलुंडकरीण
गिरणगाव दादा, आईचं ऐकून वाईट वाटलं. पण पतपेढी आणि फंड एकाच तागडीत घालू नका. फंडाचे शेअर कस्टोडियनकडे, म्हणजे सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे असतात, एनएव्ही (एका युनिटची किंमत) रोज जाहीर होते, ओपन एंडेड (कधीही पैसे काढता येणाऱ्या) योजनेतून पैसे काढले की काही दिवसांत खात्यात येतात. पिग्मीच्या पुस्तकात यातलं काय दिसायचं?

सीएसाहेब, तुमचे ५९ हजार आजचे, पण भरलेले ६० हजार मात्र वीस वर्षं थोडे थोडे भरलेले. भरणाही आजच्या किमतीत आणा, मग तो ३५-३६ हजारांवर येतो. एक बाजू महागाईने कापायची आणि दुसरी तशीच ठेवायची, हा कुठला हिशोब? पीएमएसचा ५० लाखांचा उंबरठा छोट्यांना गुंतागुंतीपासून लांब ठेवायला आहे. निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात कसली गुंतागुंत?

सायन_स्टेशन
सगळे रकमेवर भांडताय, खरी चोरी कुठे होते ते मी सांगतो. माझा भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. ५००ची एसआयपी, तारीख ५. पैसे हातात आले ७ ला. खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला आणि बँकेने ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० कापले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गुंतवणूक शून्य, दंड १,१८०. त्याने ॲप काढून टाकलं आणि आता फंडाचं नाव काढलं तरी चिडतो. २५०ची एसआयपी काढा, १००ची काढा, बाउन्स चार्ज तोच राहणार असेल तर उपयोग काय?

कल्याण_फास्ट
मी बँकेत आहे, म्हणून बोलतो. मँडेट, म्हणजे हप्ता कापायची बँकेला दिलेली परवानगी, हा दिलेला शब्द असतो. खात्यात पैसे ठेवणं खातेदाराचं काम. परत गेलेल्या प्रत्येक व्यवहाराला बँकेलाही खर्च येतो. तारीख निवडायची सोय आहे, एसएमएस येतो. सगळं बँकेवर ढकलू नका.

सायन_स्टेशन
५९० रुपये खर्च येतो? एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला "नाही" म्हणायला? काहीही बोलू नका साहेब. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला तुम्ही शब्दाची किंमत शिकवताय?

मुलुंडकरीण
कल्याण_फास्ट, कर्जाचा हप्ता चुकला तर दुसऱ्याचे पैसे थकतात, तिथे दंड समजू शकते. एसआयपीचा हप्ता चुकला तर कोणाचं नुकसान? फंड कंपनी दंड लावत नाही, त्या महिन्याची युनिटं देत नाही एवढंच. सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी आपोआप बंद होते. माणसाने स्वतःसाठी बचत केली नाही म्हणून बँकेने त्याला दंड करायचा, यामागचं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गिरणगाव
हेच तर. छोट्याकडूनच कापायचं.

पार्ल्याचा_सीए
विषय बाउन्स चार्जवर गेला, पण मूळ प्रश्न तसाच आहे. वितरकांना छोट्या एसआयपी हव्यातच, खाती वाढतात, कमिशन वाढतं.

मुलुंडकरीण
हे मात्र ऐकून घेणार नाही. २५०च्या एसआयपीत पहिल्या वर्षी सरासरी शिल्लक सोळाशेच्या आसपास. १ टक्का ट्रेल (शिल्लकीवरचं वार्षिक कमिशन) धरला तरी वर्षाला १६ रुपये. त्यासाठी मी दोन वेळा भांडुपला जाते, केवायसी अडकली तर तिसऱ्यांदा. परवडत नाही म्हणूनच जानेवारी २०२५ च्या सेबीच्या प्रस्तावात २४ हप्ते पूर्ण झाल्यावर वितरकाला ५०० रुपये द्यायची सूचना होती. माझ्या कमिशनचा विषय काढण्याआधी आकडे बघायचे होते.

पार्ल्याचा_सीए
ठीक आहे, तुमच्याबद्दलचा शब्द मागे घेतो. त्याच प्रस्तावात छोट्या एसआयपीतून स्मॉलकॅप, मिडकॅप, सेक्टरचे फंड वगळले होते, म्हणजे माझी भीती सेबीलाही होती. तेवढी अट असेल तर २५०ला माझा विरोध नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या फंडाने जननिवेश एसआयपी २५०त आणली, ती बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज (शेअर आणि कर्जरोखे दोन्हींत पैसे ठेवणाऱ्या) फंडात होती, तिथपर्यंत ठीक. शंभर रुपयांत थीमॅटिक फंड विकणं मला आजही चूकच वाटतं. आणि हप्त्यापेक्षा दंड मोठा नसावा, यावर कुठे निवेदन देणार असाल तर मी सही करेन.

कल्याण_फास्ट
दंडाला मर्यादा हवी, इतपत मलाही मान्य. दंड पूर्ण माफ करा म्हणणं मान्य नाही.

सायन_स्टेशन
ताई, भावाला परत तयार करायचं तर तारीख १० करता येईल का? जुना मँडेट चालतो?

मुलुंडकरीण
मँडेट रद्द केला नसेल आणि त्यातली मर्यादा पुरत असेल तर तोच चालतो. जुनी एसआयपी चालू दिसत असेल तर ती आधी बंद करा, हप्त्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे मध्येच पुन्हा कापलं जाणार नाही. मग १० किंवा १२ तारखेची नवी नोंदवा. आणि ५०० नको, सध्या २५०च ठेवा.