‘यजमानपद’ भूषवायचं की पत्करायचं?

राजारामपुरी : क्लबच्या स्मरणिकेसाठी मोठ्या क्रीडास्पर्धांच्या खर्चावर लेख लिहितोय. पेपरात कायम ‘यजमानपद भूषवणार’ असंच छापून येतं. मला लिहायचंय स्पर्धेनंतरच्या कर्जाबद्दल. या शब्दाला खर्चाची छटा आहे का? नसेल तर दुसरा सुचवा.

शिवाजी पेठ : दुसरा कशाला? आमची आजी आजोबांना ‘आमचे यजमान’ म्हणायची. घरखर्च ज्याच्या अंगावर तो यजमान. विषय संपला.

मंगळवार पेठ : दादा, एवढ्यात कुठला संपतोय! मूळ धातू यज्. संस्कृतात पुरोहित ‘यजति’, परस्मैपदी, म्हणजे फळ दुसऱ्याला. यजमान ‘यजते’, आत्मनेपदी, कारण यज्ञाचं फळ त्याच्या पदरात. सत्यनारायणाला बसून बघा. पळीभर पाणी सोडलं की गुरुजी म्हणणार, ‘यजमान, दक्षिणा ठेवा.’ सुटे संपले की शेजारी बसलेल्या बायकोपुढं हात पसरायचा. खर्च त्याचा, हे गृहीतच. बदललंय ते फळ. विश्वचषक फुटबॉलचे प्रक्षेपणहक्क फिफाचे, मैदानं मात्र यजमान देशानं बांधायची. आत्मनेपदाचं परस्मैपद झालं म्हणा. (टोमणा आहे, व्याकरण नव्हे.)

राजारामपुरी : भारी! मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक १९७६चं, त्याचं कर्ज फिटलं २००६मध्ये. त्यासाठी तंबाखूवर खास कर बसवला होता. गोल स्टेडियमला लोक ‘बिग ओ’ म्हणायचे. पुढं तोच उच्चार ‘मोठं देणं’ (इंग्रजी ‘owe’, म्हणजे देणं असणं) या अर्थानं चिकटला. याला ‘पांढरा हत्ती’ म्हणू का?

शिवाजी पेठ : हत्तीचं आम्हाला सांगू नका भावा, हत्तींच्या खेळाची साठमारी आमच्या कोल्हापुरातली! पांढरा हत्ती म्हणजे कामाला जुंपता येत नाही, सोडून देता येत नाही, चारा मात्र रोजचा. ब्राझिलियाचं स्टेडियम तसलं. २०१४च्या विश्वचषकासाठी ७० हजारांचं बांधलं आणि शहरात अव्वल श्रेणीचा संघच नाही. पुढं आवारात बसगाड्या लावायला लागले. नाहीतर आमचं खासबाग कुस्तीमैदान बघा, १९१२चं. अजून कुस्त्या होत्यात.

मंगळवार पेठ : खासबाग बांधलं तेव्हा तालमी भरलेल्या होत्या, फरक तिथं आहे. लॉस एंजेलिसनं १९८४ला १९३२च्या ऑलिंपिकचंच मुख्य मैदान वापरलं आणि स्पर्धा नफ्यात गेली. मॉन्ट्रियलच्या कर्जाला हत्ती नको, ‘ऋण काढून सण’ म्हणा. कर्ज कधीतरी फिटतं, चारा फिटत नाही. तो शब्द देखभालीसाठी राखून ठेवा. आणि ‘यजमानपद’ तसंच राहू दे, क्रियापद बदला. ‘भूषवणे’ म्हणजे नुसती झूल. ‘पत्करणे’त जोखीम अंगावर घेणं येतं.

राजारामपुरी : मथळ्यात ‘पत्करलं’ टाकतो. आमच्या स्पर्धेच्या पानावर मात्र अध्यक्ष ‘भूषवलं’च छापायला लावणार. मंडपवाल्याचं बिल अजून त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.