मोटरमनच्या रिकाम्या जागा, बुकिंग खिडक्या आणि 'ओव्हरटाइम बंद': पत्रकासाठी नेमकी माहिती हवी

वांगणी_सेकंडक्लास

नमस्कार मंडळी. रेल्वे कर्मचाऱ्यांनी आमच्या प्रवासी संघटनेकडे पदकपातीविरुद्धच्या मोहिमेला पाठिंबा मागितला आहे. एक पानी पत्रक काढायचंय, पण त्यात नुसतं 'कर्मचारी कमी, ताण जास्त' लिहिलं तर कोणी वाचणार नाही. चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मुंबई लोकलच्या काही मोटरमननी जादा ड्युटी नाकारली तर शेकडो फेऱ्या कशा कोसळतात? रिकामी जागा आणि सरेंडर झालेली जागा यात फरक काय? ओव्हरटाइम नाकारणं हा संप ठरतो का? आणि आकडे कुठून मिळवायचे? बुकिंग खिडक्यांबद्दलही लिहायचं आहे, लोकांना त्याचाच जास्त राग आहे.

लिंकवाला

आधी हिशेब, कारण 'इतकी पदं आहेत की, मग तुटवडा कुठला?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारला जाईल.

समजा एका लॉबीच्या लिंकमध्ये रोजच्या १०० ड्युट्या आहेत. (लॉबी म्हणजे मोटरमन ड्युटीवर हजर होतात ती जागा, लिंक म्हणजे कोणी कधी ड्युटीवर यायचं, कुठली गाडी न्यायची, कुठे उतरायचं याचं वेळापत्रक.) १०० ड्युट्यांना १०० माणसं पुरत नाहीत. रेल्वे कायदा १९८९, कलम १३३ नुसार रनिंग स्टाफला (गाडीवरचे मोटरमन, गार्ड वगैरे) महिन्यातून किमान ३० तासांच्या चार सलग विश्रांती द्याव्याच लागतात, किंवा मग पूर्ण रात्र धरून २२ तासांच्या पाच. चार धरल्या तर वर्षाचे ४८ दिवस गेले. अर्जित रजा ३०. किरकोळ रजा १० धरा. रिफ्रेशर, वैद्यकीय तपासणी, सेफ्टी मीटिंग यांचे १२ धरा. ३६५ मधून हे वजा केले की उरतात २६५. म्हणजे रोज १०० माणसं लॉबीत उभी राहायची तर पटावर १३८ लागतात. आजारपण यात धरलेलंच नाही.

आता १३८ पैकी पाव जागा रिकाम्या करा. पटावर राहिले १०३. वरून बघणाऱ्याला वाटतं, १०० ड्युट्यांना १०३ माणसं, झकास! प्रत्यक्षात रोज हजर असतात ७५. उरलेल्या २५ ड्युट्या कोणाची तरी रेस्ट तोडून, रजा नाकारून किंवा सकाळची ड्युटी संपवलेल्याला दुपारी परत बसवून भरल्या जातात. एका ड्युटीत चार फेऱ्या धरल्या तर रोजच्या ४०० पैकी १०० फेऱ्या जादा कामावर चालतात. ज्या दिवशी कोणी जादा काम करत नाही, त्या दिवशी त्या १०० उघड्या पडतात.

पाव जागा हे मनचं उदाहरण नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी जादा ड्युटी बंद केली, तेव्हा मंजूर पदांपैकी सुमारे एवढीच रिकामी होती. १०० आणि १३८ हे मात्र समजावण्यापुरतेच आहेत, पत्रकात तुमच्या विभागाचे खरे आकडे घाला.

मस्जिद_आउटर

वरच्या हिशेबाने २५ टक्के फेऱ्या जायला हव्यात, पण गोंधळ त्याहून बराच मोठा होतो. तो का, तेही लिहा.

सीएसएमटीला मेन लाइनच्या लोकलना ३ ते ७ असे पाचच फलाट, चर्चगेटला एकूण चार. गर्दीच्या वेळी गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने येतात. एवढ्यात फलाट मोकळा व्हावा म्हणून गाडी घेऊन आलेला मोटरमन तीच गाडी परत नेत नाही. दुसऱ्या टोकाच्या केबिनपाशी पुढचा मोटरमन आधीच उभा असतो. तो नसेल तर रेक (डब्यांची अख्खी गाडी) फलाटावरच बसतो. पाचपैकी एक फलाट अडला की मागची गाडी स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला, तिच्या मागची मस्जिदला, मग भायखळ्यापर्यंत रांग. आणि त्या रांगेतल्या एखाद्या गाडीतच पुढच्या फेरीचा मोटरमन प्रवासी म्हणून येत असतो! तो वेळेत पोचत नाही, म्हणून अजून एक रेक बसतो. लिंक एकदा फाटली की माणसं असूनही चुकीच्या स्टेशनात असतात. गाड्या पुन्हा वेळेवर आल्या तरी ड्युट्या जुळेपर्यंत फेऱ्या रद्द होतच राहतात.

१० फेब्रुवारी २०२४ ला हेच झालं. एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला बरेच मोटरमन गेले आणि मध्य रेल्वेच्या फेऱ्या धडाधड रद्द झाल्या. घोषणा नाही, मोर्चा नाही. जादा माणूस शिल्लकच नसेल तर असा एक दिवसही झेपत नाही.

'नियमानुसार काम' हा आंदोलनाचा प्रकार वेगळा. त्यात सगळे कामावर असतात, फक्त नियम अक्षरशः पाळतात. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं पूर्ण थांबायचं, मग पुढच्या सिग्नलपर्यंत अत्यंत सावकाश जायचं. केबिनमधला वायपर, हॉर्न, फ्लॅशर यात दोष दिसला की नोंदवायचा आणि दुरुस्ती मागायची. यात बेकायदा काहीच नाही. वेळापत्रक मुळातच किती ताणलेलं आहे, तेवढं त्यातून दिसतं.

सीबीटीसी_कधी

एक विरोधी मत मांडतो. मेट्रो एका माणसावर चालते, मागे गार्ड नसतो. लोकलला मोटरमन आणि गार्ड अशी दोन माणसं प्रत्येक गाडीला कशाला? गार्ड काढा, त्यातून मोटरमन तयार करा. तुटवडा संपला.

मस्जिद_आउटर

साहेब, मेट्रोचे दरवाजे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. साध्या लोकलचे दरवाजे उघडे असतात, बारा डबे, आणि वळणावरच्या फलाटावर मोटरमनला मागचं काही दिसत नाही. गार्ड फलाट बघतो, दोन बेल देतो, मग गाडी सुटते. साखळी ओढली गेली, कोणी पडलं, गाडी मध्येच अडकली आणि मागून दुसरी येतेय, तर मागची बाजू सांभाळायला तोच. जानेवारी २०२२ पासून पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं, काम तेच आहे. आधी सगळ्या गाड्या बंद दरवाजाच्या करा, मग हा वाद घालू.

राहिला गार्डचा मोटरमन करण्याचा मुद्दा. मोटरमनला डोळ्यांची ए-वन श्रेणी लागते, गार्डला ए-टू चालते. वर मानसशास्त्रीय चाचणी, ट्रेनिंग, मार्ग शिकणं. कागदावर हलवली म्हणून माणसं केबिनमध्ये बसत नाहीत.

जुना_ओएस

वांगणीकर, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि पत्रकं तिथेच घसरतात.

रिकामी जागा म्हणजे पद मंजूर आहे, माणूस नाही. उद्या भरती झाली तर भरता येते. सरेंडर म्हणजे पदच पटावरून पुसलं. मग रिक्त जागांच्या यादीतही ते दिसत नाही. म्हणून 'रिक्त जागा कमी झाल्या' असं उत्तर आलं की लगेच पेढे वाटू नका. माणसं वाढल्यानेही रिक्त जागा कमी होतात, मंजूर पदं घटवूनही होतात. १०० पैकी ३० रिकामी असतील आणि १५ सरेंडर केली, तर रिक्त जागा निम्म्या होतात. काम करणारे मात्र ७० चे ७०च.

पदं पुसली कशी जातात? बहुतेक वेळा आधी वर्क स्टडी होतो. या खिडकीवर तिकिटं किती निघतात, या डेपोत माणसं किती लागतात, असं मोजून काही पदं 'जादा' ठरतात. जागा वर्ष-दोन वर्षं रिकामी ठेवली असेल तर ठरवणं फारच सोपं, 'त्यांच्याविना चाललंच की'. २ जुलै २०२० चं रेल्वे बोर्डाचं पत्र आठवा. सेफ्टी सोडून नवीन पदनिर्मिती थांबवायची आणि सेफ्टीबाहेरच्या रिक्त जागांपैकी ५० टक्के सरेंडर करायच्या, असं त्यात होतं. मोटरमन, गार्ड, स्टेशन मास्तर, ट्रॅकमन सेफ्टीत येतात. बुकिंग क्लार्क, ऑफिस स्टाफ येत नाहीत. कुऱ्हाड कुठे पडणार हे तिथेच ठरलं.

आता खरी मेख. नवीन पदं हवी असतील तर तेवढ्याच पैशांची पदं दुसरीकडे सरेंडर करा, याला मॅचिंग सरेंडर म्हणतात. नवीन फेऱ्यांसाठी मोटरमनची पदं मागितली की प्रशासन म्हणतं, द्या बदल्यात काहीतरी. मग रिकाम्या पडलेल्या बुकिंगच्या जागा त्यात जातात. म्हणजे एका खात्याची मागणी दुसऱ्या खात्याच्या मुळावर येते, आणि लॉबीतले व खिडकीवरचे एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. तुमच्या पत्रकात फक्त 'मोटरमनची पदं वाढवा' असेल तर नकळत तुम्ही खिडक्या बंद करायला हातभार लावाल. 'मॅचिंग सरेंडरशिवाय' हे दोन शब्द मागणीत हवेतच.

बुकिंगबद्दल थोडक्यात. एटीव्हीएम (तिकिटाची मशीन) आणि मोबाइल तिकिटांमुळे खिडकीवरची विक्री घटली हे खरं, ते नाकारू नका, हसं होईल. पण खिडकी नुसती तिकीट देत नाही. शाळा-कॉलेजचा दाखला तपासून विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास तिथेच मिळतो. मशीन बंद पडलं, मोबाइलला नेटवर्क नसलं की सगळा लोंढा तिथेच येतो. वर्क स्टडीत महिन्याची सरासरी बघतात, रांग मात्र सकाळी सात ते दहात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागते. तासवार विक्री मागवा. सरासरीने झाकलेलं त्यात उघडं पडेल.

लिंकवाला

ओएस साहेबांना जोड: मोटरमनची जागा थेट जाहिरात देऊन भरत नाहीत. लोको पायलटांतून निवड करून घेतात. तिथून माणूस उचलला की मालगाडीकडे खड्डा पडतो. तळाशी असिस्टंट लोको पायलटांची भरती. जानेवारी २०२४ च्या जाहिरातीत त्यांच्या ५,६९६ जागा होत्या, काही महिन्यांत त्याच जाहिरातीतल्या जागा १८,७९९ झाल्या. तिपटीहून जास्त! आधीची मागणी किती कमी लावली होती ते यावरूनच कळतं. आणि भरती झालेला मुलगा केबिनमध्ये यायला वर्षं लागतात, म्हणून 'तात्काळ भरा' या मागणीला अर्थ नाही. इंडेंट (भरतीची मागणी) कधी पाठवला, ट्रेनिंगच्या बॅच कधी, निवडीची तारीख कोणती, हे लेखी मागा.

कलम_वाचा

कायद्याचं सांगतो. इथे लोक बिनधास्त काहीही लिहितात.

सलग (कंटिन्युअस) वर्गातल्या कामाला कलम १३२ नुसार आठवड्याला सरासरी ५४ तासांची मर्यादा, सरासरी १४ दिवसांवर. पलीकडच्या तासांना किमान दुप्पट दर. पण त्याच कलमात अपघात, आणीबाणी किंवा वाहतुकीत गंभीर अडथळा टाळण्यासाठी तात्पुरती सूट देण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रशासन जादा काम सांगूच शकत नाही, असं नाही. अपवादाची सूट रोजचीच करून टाकली आहे, ही तक्रार करा. ती पक्की आहे.

गाडी मध्येच सोडणं हा सरळ गुन्हा. कलम १७३, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

संपाचं म्हणाल तर औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. १४ दिवस आधी नोटीस हवी, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. 'सगळ्यांनी रजा टाका' ही जुनी युक्ती आता अंगाशी येते. ओव्हरटाइम नाकारणं मधल्या पट्ट्यात आहे. एकेकट्याने विश्रांतीचा हक्क मागितला तर एक गोष्ट, संघटनेने पत्रक काढून सगळ्यांना नाकारायला लावलं तर एकत्रित नकार म्हणून प्रशासन त्याला संप म्हणणार. त्यामुळे तुमच्या पत्रकात कर्मचाऱ्यांना 'ओव्हरटाइम करू नका' असं आवाहन करू नका. 'रिकाम्या जागांवर ओव्हरटाइम हा उपाय नव्हे' इतकंच लिहा.

शिक्षेची भीती पोकळ नाही. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात चौकशीशिवाय नोकरीतून काढण्यासाठी रेल्वेच्या शिस्त नियमांतला नियम १४(२) वापरला गेला. मे २०१० मध्ये मुंबईच्या मोटरमननी काम थांबवलं तेव्हा राज्याने मेस्मा (अत्यावश्यक सेवा कायदा) लावला. साधी गैरहजेरीसुद्धा 'डायस नॉन' होते, पगार नाही आणि दिवस सेवेत धरत नाहीत.

आणि तुम्ही प्रवाशांनी रुळांवर उतरायचं नाही! कलम १७४ रेल रोकोला लागतं, तुम्हालाही.

वांगणी_सेकंडक्लास

भरपूर मिळालं, आभार. रुळांवर कोणी उतरणार नाही. आता माहिती अधिकाराच्या अर्जात नेमकं काय विचारू?

जुना_ओएस

झोनचा अर्ज ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये, मजकूर ३,००० अक्षरांत बसवा. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'का' विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत. कागद मागा:

तुमच्या विभागातील मोटरमन, ट्रेन मॅनेजर आणि बुकिंग क्लार्क यांची मंजूर पदं, पटावरची माणसं आणि रिक्त पदं, गेल्या पाच वर्षांच्या १ एप्रिलची स्थिती, तिन्ही रकाने वेगवेगळे. याच काळात सरेंडर झालेल्या पदांच्या आदेशांच्या प्रती. महिनावार ओव्हरटाइमचे तास आणि रक्कम. तोडलेल्या रेस्टची संख्या. कर्मचारी उपलब्ध नसल्याने रद्द झालेल्या फेऱ्या. स्टेशनवार खिडक्या किती आणि प्रत्यक्ष चालू किती तास.

यातला मंजूर पदांचा रकाना पाच वर्षं शेजारी शेजारी ठेवा. तो उतरत असेल तर तेच पत्रकाचं शीर्षक. सरेंडरचा प्रस्ताव चर्चेत असताना मान्यताप्राप्त युनियन तो डीआरएमच्या (विभागीय व्यवस्थापकाच्या) पीएनएम बैठकीत, म्हणजे युनियन-प्रशासन वाटाघाटीत, अडवू शकते. आदेश निघाल्यावर पद परत आणायला पुन्हा मॅचिंग सरेंडरच मागतात. म्हणून युनियनवाल्यांना आधी विचारा, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घातलाय का. नसेल घातला, तर पत्रक छापायच्या आधी तो घालायला सांगा.

लिंकवाला

रेस्टबद्दल विचारताना कलम १३३ चा उल्लेख करा. 'तोडलेल्या रेस्ट' असा मोघम शब्द वापरलात तर 'अशी नोंद ठेवली जात नाही' हे उत्तर ठरलेलं. 'कलम १३३ नुसार देय विश्रांती आणि प्रत्यक्ष दिलेली विश्रांती, महिनावार' असं लिहा.