जुना डोझर लोडवर आला की गरम होतो, नुसता चालू ठेवला तर काही नाही

मातीवाला
नमस्कार मंडळी, जुना 6 सिलेंडरचा डोझर आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून गिअरबॉक्सला ताकद देणारा). नुसता उभा चालू ठेवला तर दिवसभर ठेवा, तापमानाचा काटा मधे. पण ब्लेड भरून ढकलायला लागलो की 35-40 मिनिटांत काटा लाल पट्टीत, मग पाऊण तास गप्प बसायचं. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवा टाकला, बेल्ट टाईट केले, वॉटर पंप खोलून बघितला तर इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) चांगला आहे. पुढची जाळी काढून रेडिएटरला पाणी पण मारलं, समोरून एकदम चकाचक दिसतो. आता इंजिनाचं हेड खोलायच्या गप्पा चालू झाल्यात आणि माझी झोप उडालीय.

गिअरगडी
थर्मोस्टॅट काढूनच टाका, पाणी मोकळं फिरू दे. आमच्याकडे सगळे तेच करतात.

जुना_फिटर
अहो नका काढू! बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो, तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि निम्मं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात, म्हणजे लोडवर उलट जास्त गरम.

मातीवाले, हेड खोलायच्या आधी तीन गोष्टी करा. एक, काटा खरं बोलतोय का ते बघा. लेझरवाला थर्मामीटर घ्या आणि गरम झाल्या झाल्या रेडिएटरची वरची टाकी आणि खालची टाकी दोन्ही मोजा. फरक खूप असला तर पाणी हळू फिरतंय, म्हणजे आतून क्षार धरलेत, नाहीतर खालचा होज आत चपटा होतोय. फरक अगदीच कमी असला तर पाणी फिरतंय पण हवा त्याची उष्णता नेत नाहीये. दोन, फॅन हवा कुठे फेकतो? मशीन चालू करून जाळीसमोर कागद धरा, चिकटला तर आत ओढतोय, उडाला तर बाहेर. डोझरला बऱ्याचदा बाहेर फेकणाराच असतो, आणि मग सगळी घाण बसते ती फॅनच्या बाजूला, जी समोरून दिसतच नाही. तीन, रात्री रेडिएटरच्या एका बाजूने बॅटरी मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा उजेड येतो का. (फॅन कुणी खोलून उलटा बसवला नाहीये ना तेही बघा, उलटा बसला तरी हवेची दिशा तीच राहते, फक्त हवा कमी पडते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.)

चेनपट्टा
रेडिएटरची कॅप पण बघा. प्रेशर धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं, दर 1 पीएसआय (दाबाचं माप) वाढला की उकळबिंदू साधारण दीड अंश वर जातो. आणि गार इंजिनाची कॅप काढून चालू करा, सारखे बुडबुडे आले तर मात्र हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय घ्या. गरम असताना कॅपला हात लावू नका, गार पाणी ओतू नका.

मातीवाला
बुडबुडे नाहीत. कागद उडाला. वर 102, खाली 99. आणि काल रात्री बॅटरी मारली तर मधला सगळा भाग काळाकुट्ट, फक्त कडेने उजेड. फॅनचं गार्ड काढलं तर आत बोटभर जाड थर, तेल आणि माती मिळून गोधडीच झालेली. पुढचं ऑइल सील कधीपासून गळतंय आणि फॅन ते तेल सरळ रेडिएटरच्या कोअरवर (नळ्या आणि पातळ पत्र्याच्या फिन्सवर) फेकत होता. मी समोरून पाणी मारून वर चिखलच केला!

जुना_फिटर
तेच. आता आधी कोरडंच खरवडून काढा, मग समोरून फॅनच्या बाजूला कॉम्प्रेसरची हवा, मग डिग्रीजर (तेलकटपणा सोडवणारं द्रव्य) लावून मुरू द्या, पाणी सगळ्यात शेवटी आणि जेट लांबूनच, नाहीतर फिन्स आडव्या होतील. सील बदला, नाहीतर परत हेच. आणि ढकलताना मशीन अडलं की खालच्या गिअरला या, कन्व्हर्टर अडून फिरला की त्याची सगळी गरमी ऑइल कूलरमधून याच पाण्यात येते.

मातीवाला
दोन दिवस गेले साफसफाईत, पत्र्याची पातळ पट्टी घेऊन एकेक फिन सरळ केली, बोटं सोलली. आज सलग तीन तास ढकललं, काटा मधल्या खुणेच्या किंचित वर, तिथेच थांबला. सील आलंय, उद्या बसवतो. आता ते बसवायला पुली निघत नाहीये, कुणाकडे काही युक्ती?