‘पाठपुरावा’ कशाचा करतात?

मुलाखत होऊन 17 दिवस झाले. ‘आठवडाभरात कळवतो’ म्हणाले होते, त्यानंतर चिडीचूप. आधीचा सगळा पत्रव्यवहार मराठीत झालाय, तेव्हा आता इंग्रजीत घुसायचं नाहीये. ‘मी आपला पाठपुरावा करत आहे’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. पोलिसाने लिहिल्यासारखं वाटलं! ‘फॉलो-अप’ला दुसरा बरा शब्द आहे का?

—

शब्द बरा आहे, घोटाळा ‘आपला’ने केलाय. पाठपुरावा प्रकरणाचा होतो, अर्जाचा, मागणीचा, तक्रारीचा होतो. माणसाचा होत नाही. माणसाच्या मागे लागलं की तो पिच्छा. गंमत म्हणजे क्रियापद दोन्हीकडे तेच: पाठ पुरवणे, पिच्छा पुरवणे. पुरवणे म्हणजे इथे शेवटपर्यंत न सोडणे. साक्षीपुराव्याशी काही देणंघेणं नाही. आणि ‘पाठ’ म्हणजे ‘ती पाठ’, संस्कृत ‘पृष्ठ’वरून आलेली. धड्याचा ‘तो पाठ’ वेगळा, तो ‘पठ्’ धातूवरून.

तरी तुमच्या मेलमध्ये मी पाठपुरावा घालणार नाही. त्यात आधी दोन-चारदा विचारून झाल्याचा वास येतो. तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही. पहिल्या मेलला साधी ‘विचारणा’ पुरे.

—

वर म्हटलंय ते पटलं. हे शब्द चढत्या क्रमाने लावून पाहा: विचारणा, आठवण, स्मरणपत्र, लकडा, तगादा, ससेमिरा. स्मरणपत्राला सरकारी शिक्क्याचा रंग आहे, खाजगी कंपनीला पाठवलंत तर समोरचा दचकेल. ‘तगादा’ मूळचा अरबी, हिंदीतला तकाजा तोच. त्यात येणं वसूल करायचा भाव आहे. नोकरी म्हणजे तुमचं येणं नव्हे, पण ‘कळवतो’ हा शब्द दिला होता, तेवढं मात्र येणंच आहे.

अवांतर: ससेमिऱ्यामागे एक जुनी कथा आहे. वाघाच्या भीतीने राजपुत्र झाडावर चढतो, तिथलं अस्वल त्याला आसरा देतं, आणि हा पठ्ठ्या झोपलेल्या अस्वलालाच खाली ढकलतो. पुढे वेड लागून ‘स, से, मि, रा’ एवढंच बरळत सुटतो. ती चार श्लोकांची आद्याक्षरं. एकेक श्लोक ऐकवल्यावर एकेक अक्षर सुटतं आणि तो शुद्धीवर येतो. विश्वासघाताची गोष्ट आहे, त्यामुळे गप्प बसलेल्या एचआरलाच जास्त लागू पडते.

—

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून थोडी त्यांची बाजू. बऱ्याचदा आम्हालाच वरून काही सांगितलेलं नसतं. किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला ‘नाही’ म्हणवत नाही. त्याला टांगून ठेवणंच म्हणतात, मान्य.

पण शब्दांकडे लक्ष द्या. ‘कळवतो’मध्ये निदान कोणीतरी माणूस आहे. ‘कळवण्यात येईल’मध्ये कर्ताच गायब! तसं कानावर पडलं की तिथल्या तिथे विचारायचं, ‘साधारण कधी, आणि मी कोणाशी बोलू?’

मेल आधीच्याच मेलला उत्तर म्हणून टाका, म्हणजे मागचं शोधावं लागत नाही. प्रश्न एकच, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा. मग आठवडाभराने आणखी एक. तिसरा मी तरी उघडत नाही, खरं सांगते. ‘आपण विसरला असाल’ हे वाक्य तेवढं नको. खोचक लागतं.

—

सगळ्यांचे आभार. शेवटी हे पाठवलं:

‘नमस्कार. 17 दिवसांपूर्वी संपादकपदासाठी माझी मुलाखत झाली होती. त्याबाबतचा निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, हे कळवाल का? आणखी काही माहिती किंवा नमुने हवे असल्यास पाठवतो.’

‘कृपया’ दोनदा आला होता, एक काढला. मग दुसराही काढला, ‘कळवाल का’मध्ये विनंती आहेच.

—

‘अपेक्षित आहे’ जरा जड वाटतं. ‘निर्णय साधारण कधीपर्यंत होईल’ चाललं असतं. पण गेलं ते गेलं.

—

उत्तर आलं, दोन तासांत! ‘पोझिशन सध्या होल्डवर आहे.’ आता ‘होल्डवर’ला मराठीत काय म्हणू?

—

भिजत घोंगडं.