अनुभव धागा : प्रार्थनेची भाषा आणि गावाची भाषा

कोकणपट्टीतल्या ख्रिस्ती माणसाला साहित्यात, संगीतात आणि सार्वजनिक जीवनात वावरताना आपली श्रद्धा कोणत्या भाषेत सोबत नेता आली, असे काही जणांना विचारले होते. मते नकोत, घडलेले सांगा, एवढीच विनंती होती. ती सर्वांनी पाळलेली नाही, आणि ते बरेच झाले.

वसई, निवृत्त शिक्षिका
आमच्या घरात कादोडी, म्हणजे वसईतली आमची बोली, आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुस्तकी मराठी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. त्यातली उत्तरे आजीला अखेरपर्यंत पाठ होती, अर्थ विचारला की ती हसून विषय बदलत असे. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर तिची पहिली तक्रार अशी, की देव आता मास्तरांसारखा बोलतो. मी पुढे मराठीच शिकवले, तरी "तुमचे मराठी इतके शुद्ध कसे?" हे कौतुक प्रत्येक नव्या शाळेत ऐकले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, हा आक्षेप मला लागलाच. पण ‘आपला माणूस’ म्हणून हारतुरे घेऊन धावलेल्या आमच्याच लोकांमुळे मी अधिक अस्वस्थ झाले. हरित वसईसाठी, म्हणजे वसईची झाडी वाचवण्यासाठी, फादर रस्त्यावर उतरले होते, तेव्हा यांतले काही जण वाड्या विकायला निघाले होते.

रत्नागिरी
आम्ही प्रोटेस्टंट. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते ओवी-अभंग बरोबर घेऊनच. त्यांचा एक अभंग मुलीने गिटारवर बसवला. चाल गोड आहे. टाळ नसल्यामुळे तो मला उसन्या कपड्यांत लग्नाला आलेल्या माणसासारखा वाटला, हे तिला अजून सांगितलेले नाही.

कोर्लई
पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, तरी किल्ल्याच्या पायथ्याशी आमच्या घरांत त्यांच्या भाषेतून घडलेली नौ लिंग ही बोली टिकली. मिस्सा मात्र मराठीत. आई पापनिवेदनाची जुळवाजुळव घरी नौ लिंगमध्ये करी आणि फादरांपुढे मराठीत सांगे. या भाषांतरात एखादे पाप वाटेत गळून जाते, असे ती म्हणे.

सावंतवाडी तालुका
चतुर्थीला हिंदू शेजारी मला आरतीसाठी घुमट हे मडक्याचे तालवाद्य वाजवायला बोलावतात. मडक्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचे लावतात, आणि जुन्या कानांना तो आवाज पटत नाही. आमच्या एका वृद्ध धर्मशिक्षकांनी, एकाच देवाला भजावे या पहिल्या आज्ञेत हे कसे बसते, असे मला थेट विचारले होते, आणि त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी ताल धरतो, तेव्हा माझे ओठ मिटलेले असतात. शेजाऱ्यांनी ते पाहिले आहे, आणि कधी विचारलेले नाही.