प्रभागातून अपक्ष उभं राहायचं म्हणतेय, लोकांना नेमकं काय सांगू?

शिवणवाली_ताई

नमस्कार मंडळी. आमचं गाव मराठवाड्यात, क वर्ग म्हणजे सगळ्यात छोट्या गटातली नगरपरिषद. २ डिसेंबर २०२५ ला मतदान आहे आणि अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, हे तर सगळ्यांना माहितीच आहे. आमच्या प्रभागातली एक जागा आरक्षणाच्या सोडतीत सर्वसाधारण महिला निघाली आणि तेव्हापासून गल्लीतल्या बायका मागे लागल्यात की तू उभी राहा. माझं शिवणकामाचं दुकान आहे त्यामुळे अर्धा प्रभाग ब्लाउजच्या निमित्ताने ओळखतो, आणि उन्हाळ्यात टँकर येईना म्हणून आम्ही बायका पालिकेत जाऊन बसलो होतो, एवढीच काय ती माझी राजकीय कारकीर्द. तिकिटाचं विचारूच नका, एका पक्षाकडून माजी नगरसेवकाची बायको आणि दुसऱ्याकडून दुसऱ्या माजी नगरसेवकाची सून, दोन्ही नावं दिवाळीआधीच फिक्स. म्हणजे अपक्षच.

आता प्रश्न असा की घरोघरी जाऊन विचारलं तुम्हाला काय पाहिजे, तर वहीची पानं भरली. पाणी नवव्या-दहाव्या दिवशी येतं, ते पण कधी रात्री दोनला. नाल्या तुंबतात. घंटागाडी मागच्या गल्लीत येतच नाही. कुत्री. दिवे. सिमेंट रोड केला तो सहा महिन्यांत पाइपलाइनसाठी उकरला. एका आजोबांना हॉल पाहिजे, पोरांना ओपन जिम पाहिजे, मंदिराला सभामंडप पाहिजे. सगळंच लिहिलं तर ते बाकीच्यांसारखं होणार, आणि निवडून आले तर यातलं एक नगरसेविका म्हणून माझ्या हातात किती असतं हेच मला कळत नाहीये. कोणी पालिकेत काम केलेलं, निवडणूक लढवलेलं असेल तर सांगा प्लीज. प्रवचन नको, खरं खरं सांगा.

बिनधास्त_बाळ्या

ताई खरं सांगू का, जाहीरनामा कोण वाचतो? आमच्याकडे शेवटच्या दोन रात्री ठरवतात. तुमच्याकडे वाटायला आहे का काही? नसेल तर शिलाई मशीनवरच बसलेलं बरं.

माजी_सदस्य

बाळ्या, पैसे वाटून पडलेले पण मी बघितलेत, एका प्रभागात दोघंही वाटतात तेव्हा लोक दोघांचे घेतात आणि मत तिसऱ्यालाच देतात, तेव्हा एवढं सरळ नसतं ते.

ताई, मी २०१६ च्या निवडणुकीत निवडून आलो होतो, एक टर्म केली. पहिली गोष्ट ही की नगरसेवक एकटा काहीच मंजूर करत नाही. महानगरपालिकेत नगरसेवकाच्या नावाने वॉर्डासाठी काहीतरी तरतूद असते ते ऐकून लोकांना वाटतं इथं पण तसंच, क वर्गात असलं काही गृहीत धरू नका. तुमचं सभागृहात एक मत, बस. ठराव सभागृह करतं, अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो, आणि ठराव बेकायदेशीर वाटला तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो थांबवू पण शकतात. आणि आता नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो म्हणजे तो तुमच्या मतावर बसलेला नसतो, त्यामुळे 'मला हे द्या नाहीतर पाठिंबा काढतो' हा जुना खेळ पण चालत नाही.

म्हणून तुमच्या वहीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने काढा, पैसे कुठून येतात आणि सही कोणाची लागते. त्यात बरीचशी चाळणी आपोआप होते. सभामंडपाच्या नादाला लागू नका, जागा कोणाच्या नावावर आहे यावरच पाच वर्षं जातील. कुत्र्यांचं 'पकडून लांब सोडू' असं चुकूनही बोलू नका, २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं, आणि त्याला यंत्रणा लागते ती छोट्या पालिकेकडे बहुतेक नसते. पाण्याचं तर आश्वासनच देऊ नका, ती कोट्यवधीची योजना असते, तांत्रिक मान्यता राज्याच्या पाणी योजना बघणाऱ्या जीवन प्राधिकरणाकडे, पैसा केंद्राच्या अमृत २.० नाहीतर राज्याच्या नगरोत्थान योजनेमधून, त्यात पालिकेचा स्वहिस्सा, तो भरायलाच तिजोरीत नसतो. नगरसेवकाच्या हातातलं काम नाही ते.

पेन्शनर_काका

माजी सदस्यांचं बाकी सगळं बरोबर, पण पाण्याचं मला नाही पटलं. नवव्या दिवशी पाणी येणाऱ्या प्रभागात उमेदवाराने पाण्याबद्दल बोलायचंच नाही म्हणजे मग बोलायचं कशाबद्दल? मी एका नगरपालिकेत पाणीपुरवठा आणि नंतर लेखा विभागात नोकरी केली, आता निवृत्त. सविस्तर लिहितो, लांब होईल.

नऊ दिवसांचं पाणी हे नेहमी धरणात पाणी नाही म्हणूनच असतं असं नाही. बऱ्याच गावांत उद्भवाला, म्हणजे जिथून पाणी उचलतात तिथं, पाणी असतं पण वीजबिल थकलं की पंपाचा वीजपुरवठा तोडतात, दोन दिवस गेले. मेन लाइन जुनी, फुटली, जोडणी करेपर्यंत अजून दोन दिवस. जलकुंभ कमी म्हणून झोन जास्त, एका झोनला सोडलं की बाकीचे थांबलेले. आणि शेवटी व्हॉल्व्हमन. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे कागदावर कुठंच नसतं, ते त्याच्या डोक्यात असतं आणि थोडंफार फोन करणाऱ्या नगरसेवकाच्या. नवीन योजना तुमच्या हातात नाही हे खरंच, पण झोनप्रमाणे पाणी सोडायचं वेळापत्रक छापून चौकात लावायला आणि मोबाइलवर मेसेज टाकायला कोणत्या अमृतचा निधी लागतो? रात्री दोनला उठणारी बाई तुम्हाला त्याच्यासाठीच मत देईल. दिवस नऊचे तीन होणार नाहीत लगेच, पण कधी येणार ते आदल्या दिवशी कळेल असं स्पष्ट सांगा.

आणि हे पण विचारा की योजनेचा प्रस्ताव नक्की कुठं अडकलाय. पालिकेत, प्राधिकरणात की मंत्रालयात. हे विचारणारा एक माणूस सभागृहात असला तर फाइल हलते हो, मी आतून बघितलंय. कराडशेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असताना मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, तिथं पण आकाशातून पैसा पडला नव्हता. मीटर म्हटलं की लोक भडकतात हे मात्र आधीच सांगून ठेवतो, तुमच्या प्रभागात पण भडकतील.

बाकी रोडचं. आधी पाणी, मग नाली, मग रस्ता, हा क्रम मोडला की तुमच्यासारखा उकरलेला रोड मिळतो. कारण रस्त्याचा निधी एका हेडमधून (हिशोबाच्या एका सदरातून) आलेला असतो, पाइपलाइनचा दुसऱ्या, आणि मार्च संपायच्या आत खर्च टाकायची घाई. नवीन रोडच्या ठरावाला हात वर करायच्या आधी 'खालची लाइन झाली का' एवढं विचारायचं आणि ते इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, लिहून घ्यायचं. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

माजी_सदस्य

काका वेळापत्रकाचं मान्य, ते खरंच होऊ शकतं. पण 'पाणी' हा शब्द बोर्डवर आला की लोक रोज पाणी असंच वाचतात, एवढंच माझं म्हणणं होतं.

इतिवृत्ताचा विषय निघालाच आहे तर ताई, 'ऐनवेळचे विषय' ही भानगड समजून घ्या. अजेंड्यावर दहा विषय दिसतात, साधेसुधे, आणि खरा माल शेवटी ऐनवेळचे विषय म्हणून येतो, लोक चहाला उठलेले असताना. नंतर इतिवृत्त वाचलं की कळतं आपण काय काय मंजूर केलं ते! नवीन सदस्याने पहिल्या सभेपासून एवढं एक लावून धरलं तरी दबदबा बसतो. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीत असते, म्हणजे तुम्ही निवडून आलात तर बसल्या बसल्या तीच समोर येईल, आणि ते पुस्तक तुम्हाला आदल्या दिवशी देतील. मागच्या वर्षीचं आत्ताच मिळवा आणि चाळून ठेवा.

घंटागाडी_फॅन

कचऱ्यावर बोला ताई, त्यात रिझल्ट दिसतो. गाडी मागच्या गल्लीत येत नाही कारण बहुतेक ठेका असतो आणि ठेक्यात रूट लिहिलेला असतो, तो कागद माहितीच्या अधिकारात मागा. आमच्या इथं कागदावर गाडी रोज आमच्या दारात येत होती म्हणे 😄 वेंगुर्ल्याचं नाव ऐकलंच असेल, छोटीशी नगरपरिषद पण घरातूनच वेगळा केलेला कचरा घेऊन डंपिंगच्या जागेचं असं केलं की लोक बघायला जातात. तिथं मुख्याधिकारी खमके होते हे खरं, पण सभागृहाने साथ दिली नसती तर ते पण बदली होऊन गेले असते लवकर.

उस्मानपुऱ्याची_सून

ताई मी कागदांचं सांगते कारण आमच्या जाऊबाईंचा अर्ज छाननीत उडताना वाचला होता. मतदार यादीत नाव याच नगरपरिषदेच्या हद्दीत पाहिजे, यादी १ जुलैची धरलीय, तुमचं नाव माहेरचं की सासरचं आणि कसं छापलंय ते बघा. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, तुमच्याच प्रभागातला मतदार पाहिजे. घरपट्टी पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, दुकानाचा पण कर असेल तर तो पण, शौचालयाचा दाखला, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. दोनपेक्षा जास्त मुलांची अट माहितीच असेल. आणि दोन गोष्टी लोक विसरतात, नवऱ्याचं पालिकेत कुठलं कंत्राट चालू नाही ना, आणि घराला वर पत्र्याची खोली वगैरे परवानगीशिवाय काढलेली नाही ना, विरोधक बरोबर तेवढंच शोधून हरकत घेतात. वकील करा एक, १७ च्या गर्दीत जाऊ नका, १२-१३ लाच भरून टाका.

अजून एक बोलू का, राग मानू नका. निवडून आल्यावर खुर्चीत तुम्हीच बसणार ना? आमच्याकडे महिला आरक्षण पन्नास टक्के आहे पण सभेत भाऊच बोलतात आणि बाई सही करतात, बोर्डवर पण दोघांचे फोटो आणि भाऊंचा मोठा.

शिवणवाली_ताई

सगळ्यांना मनापासून थँक्यू, काका तुमचा मेसेज तर मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. राग कशाचा, आमचे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, त्यांना सभेला यायला रजाच मिळत नाही, त्यामुळे तो प्रश्नच मिटला 😂

वही परत काढली आणि दोन रकाने केले. मग असं दिसलं की ज्याला पैसे कमी लागतात तेच बायकांनी जास्त सांगितलंय, पाण्याची वेळ, मागच्या गल्लीत गाडी, अंगणवाडीजवळचा दिवा. आणि जिम, मंडप, हॉल हे सगळं पुरुषांनी. मी असं ठरवतेय की पत्रकावर फक्त तीन गोष्टी, पाण्याचं वेळापत्रक, गाडीचा रूट, आणि प्रत्येक सभेनंतर काय मंजूर झालं ते दुकानाच्या दारावर लावणार. हे कमी पडेल का? समोरचे लोक 'प्रभागाचा कायापालट' म्हणतायत.

बिनधास्त_बाळ्या

दारावरचं भारी आहे. हे आमच्याकडे कोणी केलं असतं तर मी दिलं असतं मत, खोटं नाही सांगत.

पेन्शनर_काका

कमी नाही पडत. एक चौथं घाला हवं तर. पालिकेच्या अर्थसंकल्पात दिव्यांगांसाठी पाच टक्के आणि महिला व बालकल्याणसाठी पाच टक्के ठेवायचे असतात, त्यातला बराच पैसा मार्चमध्ये कसातरी उडवतात नाहीतर पडून राहतो. तुमच्या प्रभागात दिव्यांग किती आहेत आणि त्यांची नोंद पालिकेत आहे का, एवढी यादी आत्ताच करा, प्रचाराला फिरताय तर होऊन जाईल. हे निवडून न येता पण करता येतं, अर्ज भरून द्यायला मदत करायची फक्त.

शिवणवाली_ताई

हे तर मला माहितीच नव्हतं, आमच्याच गल्लीत तिघं आहेत. शेवटचा प्रश्न, प्रभागात दोन जागा आहेत, दुसरी सर्वसाधारण आहे, तिथला एक अपक्ष मुलगा म्हणतोय पॅनल करू, खर्च निम्मा निम्मा. करू का?

माजी_सदस्य

मुलगा कसा आहे ते तुम्हाला माहिती, पण हिशोब सांगतो. प्रत्येक मतदाराला तीन मतं, एक नगराध्यक्षाचं आणि दोन तुमच्या प्रभागातल्या दोन जागांची. पक्षवाले तिन्हीकडे एकच चिन्ह दाखवून मोकळे होतात, तुम्हाला मात्र लोकांना सांगावं लागतं की माझं बटण कोणत्या जागेवर आहे. दोघं मिळून ते समजावलं तर फायदा आहे. फक्त तुम्ही दोघं अपक्ष म्हणजे चिन्हं वेगळी असणार, आणि ती २६ नोव्हेंबरला मिळणार. मतदान २ ला. म्हणजे चिन्ह पोचवायला आठवडा पण नाही, पत्रकाचा मजकूर आधीच तयार ठेवा आणि चिन्हाची जागा मोकळी सोडून छापखान्याशी बोलून ठेवा. मुक्त चिन्हांच्या यादीत शिलाई मशीन असेल तर पहिल्या पसंतीला तेच टाका, दुसरं काही शोधूच नका.

खर्चाचं मात्र निम्मा निम्मा तोंडी करू नका. क वर्गात सदस्याला अडीच लाखांची मर्यादा आहे, एकत्र पत्रक, एकत्र रिक्षा असेल तर बिलात कोणाचा वाटा किती ते लिहून घ्या, दोघांच्या खात्यातून वेगळं पेमेंट करा. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यायचा असतो, हरलात तरी, तो नाही दिला तर निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. आणि त्या मुलाच्या थकबाकीचा दाखला पण बघून घ्या पॅनलचं छापायच्या आधी.